पाणी किती टिकणार हे मीठ ठरवतं

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की घरोघरी एकच सल्ला ऐकू येतो : पाणी भरपूर प्या. केळीच्या बागेत दिवसभर घड वाहणाऱ्या मजुराला हाच सल्ला. हृदय कमजोर झालेल्या, पायांना सूज आलेल्या आजीलाही हाच. पुण्याहून आखाजीला माहेरी आलेल्या लेकीलाही हाच. मजुराला तो अर्धाच पुरतो, लेकीला बहुतेक वेळा चालून जातो आणि आजीला कधीकधी चांगलाच भोवतो. तिघांच्या पोटात पाणी तेच जातं, मग फळ वेगवेगळं का मिळतं? शरीर पाण्याचा हिशेब कसा ठेवतं हे एकदा समजलं की याचं उत्तर मिळतं. वैद्यकीय महाविद्यालयात मुलांना हा भाग जड जातो खरा, पण त्याचा गाभा कुणालाही कळेल असा आहे आणि खानदेशात तर तो प्रत्येकाला कळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आधी पाणी असतं कुठे ते पाहू. साठ किलो वजनाच्या तरण्या पुरुषाच्या अंगात साधारण ३६ लिटर पाणी असतं. बाईच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असल्यामुळे तिच्या वजनाच्या मानाने थोडं कमी. या ३६ लिटरपैकी जवळपास २४ लिटर पेशींच्या आत असतं आणि १२ लिटर पेशींच्या बाहेर. बाहेरच्या १२ लिटरमधलंही बहुतेक पाणी पेशींच्या मधल्या फटींत पसरलेलं असतं. रक्तवाहिन्यांत फिरणारा रक्ताचा पातळ भाग, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, तो जेमतेम तीन लिटर. मेंदूला प्राणवायू मिळणं, बीपी टिकणं, किडनी चालू राहणं हे सगळं या तीन लिटरांच्या भरवशावर चालतं. बाकीचं पाणी कितीही असो, हे तीन लिटर कमी पडले की माणूस चक्कर येऊन खाली बसतो.

आता पाणी आत किती राहणार आणि बाहेर किती, हे कोण ठरवतं? पाणी स्वतः काहीच ठरवत नाही. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की थोड्या वेळात पातेल्याच्या तळाशी पाणी साचतं. फोडीतल्या पेशींमधलं पाणी पातळ पडद्यातून बाहेरच्या खारटाकडे ओढलं जातं, म्हणून ते सुटतं. आपल्या शरीरातही पाणी असंच मिठामागे जातं. फरक एवढाच की आपल्या पेशी जिवंत आहेत आणि त्या मिठातलं सोडियम सतत बाहेर हाकलत असतात. प्रत्येक पेशीच्या पडद्यावर त्यासाठी बारीक पंप असतात. तीन सोडियम बाहेर टाकायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे, असं काम ते अहोरात्र करतात. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये हा पंप दाखवून दिला आणि त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. या पंपांमुळे सोडियम जवळजवळ सगळं पेशीबाहेर असतं, आणि पोटॅशियम आत.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. अंगात जेवढं सोडियम असेल तेवढं पाणी पेशीबाहेर टिकणार. शरीर रक्ताचा खारटपणा जवळजवळ ठरलेला ठेवतं. रक्ताच्या तपासणीत सोडियम १३५ ते १४५ च्या दरम्यान येतं ते म्हणूनच. मग मीठ वाढलं तर तोच खारटपणा राखण्यासाठी पाणीही वाढवावं लागतं, आणि मीठ कमी झालं तर पाणीही सोडून द्यावं लागतं. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. शरीराचा हिशेबही साधारण तोच : अंगात नऊ ग्रॅम मीठ जास्तीचं अडकलं की लिटरभर पाणी त्याच्यासोबत अडकतं, आणि वजनकाट्यावर ते एक किलो म्हणून दिसतं.

म्हणजे शरीरापुढे प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे आहेत. रक्त किती खारट झालंय, हा एक. आणि रक्तवाहिन्यांत पुरेसा भरणा आहे का, हा दुसरा. पहिला प्रश्न शरीर पाणी घेऊन किंवा टाकून सोडवतं. दुसरा सोडवायला त्याला मीठ राखावं किंवा टाकावं लागतं. दोन्हींचे मापक वेगळे, हार्मोन्स वेगळे, आणि कामाचा वेगही वेगळा. बहुतेक गैरसमज हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे होतात.

तीन उदाहरणं घेऊ.

पहिल्यात तुम्ही घटाघटा लिटरभर साधं पाणी प्यायलात. ते आतड्यातून रक्तात येतं आणि थोड्याच वेळात आतल्या-बाहेरच्या सगळ्या ३६ लिटरांत मिसळून जातं. रक्तवाहिन्यांच्या वाट्याला त्यातलं जेमतेम ८० मिली येतं. रक्त मात्र किंचित फिकं, म्हणजे कमी खारट होतं, अडीच-तीन टक्क्यांनी. एवढा बदलही मेंदूला लगेच कळतो. दोन-तीन तासांत त्यातलं बहुतेक पाणी पाण्यासारख्या स्वच्छ लघवीवाटे निघून जातं.

दुसऱ्यात तुम्हाला लिटरभर सलाईन लावलं. यात मीठ रक्ताइतकंच आहे, त्यामुळे खारटपणा बदलत नाही आणि मेंदूला खारटपणाची काही तक्रार जाणवत नाही. सोडियम पेशीत टिकू शकत नाही, म्हणून हे सगळं पाणी बाहेरच राहतं. त्यातलं पाव लिटर तरी रक्तवाहिन्यांत टिकतं. ते पूर्ण बाहेर टाकायला शरीराला एक-दोन दिवस लागू शकतात. पाणी तेवढंच, लिटरभर. मुक्काम मात्र कितीतरी लांबला.

तिसऱ्यात तुम्ही पाणी घेतलंच नाही. झणझणीत शेवभाजी खाल्ली, सोबत पापड, लोणचं. मीठ रक्तात आलं, खारटपणा वाढला, तहान लागली. मग तुम्ही पाणी प्यायलात आणि खारटपणा जागेवर आला. पण आता लिटरभर पाणी मिठासोबत आत आहे, अगदी सलाईन लावल्यासारखं. ते घालवायचं तर आधी मीठ घालवावं लागेल, आणि ते काम सावकाश होतं. रोजच्या जेवणातलं मीठ अचानक वाढलं तर किडनीला नव्या हिशेबाशी जुळवून घ्यायला तीन ते पाच दिवस लागतात. तोवर थोडं पाणी अंगात साठतं. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही.

आता किडनीकडे वळू. दोन्ही किडन्यांचं वजन मिळून तीनशे ग्रॅमच्या आसपास. तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. स्वतःला जगवायला त्यांना एवढं रक्त मुळीच लागत नाही. ते गाळण्यासाठी येतं. एकेका किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात आणि प्रत्येकीला एक लांब नळी जोडलेली असते. या सगळ्या मिळून दिवसाला १८० लिटर पाणी गाळतात. तीन लिटर प्लाझ्मा दिवसातून साठेक वेळा गाळला जातो, असा याचा अर्थ. त्यातलं ९९ टक्के पाणी नळ्यांमधून परत रक्तात घेतलं जातं आणि उरलेलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं.

मिठाचा आकडा तर मला आजही थक्क करतो. १८० लिटर पाण्यासोबत रोज सुमारे दीड किलो मीठ गाळलं जातं. आपण खातो दहा-बारा ग्रॅम, आणि टाकतोही साधारण तेवढंच. बाकी सगळं परत घेतलं जातं. नळीच्या पहिल्याच भागात जवळपास दोन तृतीयांश परत येतं, पुढच्या हेअरपिनसारख्या वळणात पाव हिस्सा, आणि मग शेवटच्या थोड्या टप्प्यात उरलेले काही टक्के. हे शेवटचे काही टक्के घ्यायचे की सोडायचे, यावरच तुमच्या अंगातलं पाणी ठरतं. दीड किलोचे दोन टक्के म्हणजे तीस ग्रॅम मीठ, आणि तीस ग्रॅम मिठासोबत तीन लिटरहून जास्त पाणी. हार्मोन्सची हुकमत सगळ्यात जास्त चालते ती याच टोकाशी.

पहिलं हार्मोन खारटपणाचं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथल्या काही पेशी रक्त खारट झालं की आकसतात, फिकं झालं की फुगतात. एका टक्क्याचा बदलही त्यांना पुरतो. रक्त खारट झालं की त्या दोन कामं करतात : तहान लावतात आणि पिट्युटरी ग्रंथीतून एडीएच सोडायला लावतात. हे हार्मोन किडनीच्या नळ्यांच्या शेवटच्या भागात पोचलं की तिथल्या पेशींच्या पडद्यावर पाण्याची बारीक दारं येऊन बसतात. अॅक्वापोरिन नावाची ही दारं शोधल्याबद्दल अमेरिकेच्या पीटर अॅग्रे यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं. दारं उघडी असली की पाणी नळीतून परत आत खेचलं जातं आणि लघवी थोडी, गडद पिवळी होते. उन्हाळ्यात लघवीला जळजळ होते, आपण म्हणतो उन्हाळी लागली. बऱ्याचदा त्यामागे हीच दाट लघवी असते. दारं बंद असली की पाणी तसंच वाहून जातं. ताशी पाऊण-एक लिटरपर्यंत पाणी किडनी असं सोडून देऊ शकते. एडीएच काही मिनिटांत चढतं आणि काही मिनिटांत उतरतं. दारू प्यायल्यावर लघवी जास्त होते, कारण दारू या हार्मोनला दाबते. रात्री प्यायलेल्याला सकाळी घशाला कोरड पडते ती त्यामुळेही.

एवढं करूनही एडीएचला एक काम जमत नाही. पाणी आधीच कमी असेल तर ते नवीन पाणी तयार करू शकत नाही, फक्त असलेलं राखू शकतं. शरीरातला रोजचा टाकाऊ माल बाहेर काढायला किमान अर्धा लिटर लघवी लागतेच, ती कितीही दाट केली तरी. म्हणून तहान महत्त्वाची. आणि म्हाताऱ्या माणसांची तहान बोथट झालेली असते. सत्तरीच्या आजोबांना तहान लागत नाही म्हणून त्यांना पाणी नकोय असं समजू नये. हृदयाचा किंवा किडनीचा आजार नसेल तर उन्हाळ्यात त्यांच्या हाती वेळच्या वेळी पेला द्यावा.

दुसरा प्रश्न भरण्याचा. इथे शरीरापुढे एक अडचण आहे. अंगात किती लिटर पाणी आहे हे मोजणारं यंत्र शरीराकडे कुठेच नाही. ते मोजतं ताण. मानेतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीत, महाधमनीच्या कमानीत, हृदयाच्या वरच्या कप्प्यांत आणि खुद्द किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक धमनीत असे मापक आहेत. भिंत ताणलेली असली की भरणा पुरेसा, सैल पडली की भरणा कमी, असा त्यांचा अर्थ. पुढे आजाराचा विषय येईल तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळा घोटाळा इथेच होतो.

भरणा कमी झाल्याचं कळलं की किडनी रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते. स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टायगरस्टेट आणि पेर बर्गमन यांनी १८९८ मध्ये सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचून पाहिला आणि त्याचं बीपी चढलं. रेनिनची ओळख तिथून झाली. रेनिन यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनाचा तुकडा पाडतं. तो तुकडा मुख्यतः फुप्फुसांतून जाताना आणखी कापला जातो आणि त्यातून अँजिओटेन्सिन टू तयार होतं. हे फार ताकदीचं आहे. रक्तवाहिन्या आवळून ते बीपी धरून ठेवतं, किडनीला मीठ परत घ्यायला लावतं, मेंदूत तहान जागवतं, आणि किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं.

अल्डोस्टेरॉनचं काम म्हणजे ते शेवटचे काही टक्के मीठ. नळीच्या अखेरच्या भागात ते सोडियम वाचवतं आणि बदल्यात पोटॅशियम लघवीत टाकतं. एडीएचसारखं ते मिनिटांत काम करत नाही. त्याला पेशीत शिरून नवीन प्रथिनं तयार करायला लावावी लागतात, त्यामुळे परिणाम दिसायला तासभर तरी जातो आणि पूर्ण परिणामाला त्याहून बराच वेळ. अॅड्रिनल ग्रंथीच निकामी झाली तर काय होतं हे लंडनच्या थॉमस अॅडिसन यांनी १८५५ मध्ये नोंदवून ठेवलं आहे : माणूस खंगतो, नाडी क्षीण होते, कातडी काळवंडते. असे रुग्ण मीठ मागून मागून खातात, हेही पुढे दिसून आलं. त्यांच्या किडनीतून मीठ वाहून जात असतं आणि मिठामागे पाणी.

भरणा जास्त झाला तर? त्याचंही हार्मोन आहे, आणि ते खुद्द हृदयातून येतं. हृदय हा नुसता पंप आहे असं बराच काळ समजलं जात होतं. १९८१ मध्ये कॅनडात अडॉल्फो द बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांना भराभर खारट लघवी होऊ लागली. ते द्रव्य म्हणजे एएनपी. वरचे कप्पे ताणले गेले की ते सुटतं, किडनीला मीठ सोडायला सांगतं आणि रेनिन-अल्डोस्टेरॉनला आवरतं. विहिरीत पोहायला उतरलेल्यांना थोड्या वेळाने लघवी लागते, याचं कारण तुम्हाला आता सांगता येईल. पाण्याचा दाब पायांतलं रक्त छातीकडे ढकलतो, हृदयाचे कप्पे ताणतात आणि शरीराला वाटतं भरणा जास्त झाला. अंगात पाणी थेंबभरही वाढलेलं नसतं.

हे दोन प्रश्न कधीकधी एकमेकांच्या विरोधात जातात. रक्त फिकं झालंय, पण भरणाही फार कमी पडलाय, अशी वेळ आली तर शरीर कुणाची बाजू घेतं? भरण्याची. रक्ताचा साठा दहा टक्क्यांच्या आसपास घटला की मेंदू खारटपणाची पर्वा सोडून एडीएच जोरात सोडतो. रक्त फिकं होतंय तरी पाणी धरून ठेवतो. बीपी कोसळलं तर जीव तासाभरात जाऊ शकतो. थोडं फिकं रक्त काही दिवस सोसता येतं. निवड शहाणपणाची आहे, पण तिची किंमत पुढे दिसते.

आता आजीकडे येऊ. तिचं हृदय कमजोर आहे, एका ठोक्याला पुरेसं रक्त पुढे ढकलत नाही. धमन्यांत ताण कमी पडतो. मापकांना वाटतं, भरणा कमी झाला. किडनी मीठ आणि पाणी राखू लागते. अंगात पाणी वाढतं, पण ते धमन्यांत टिकत नाही, शिरांमागे तुंबून पायांत उतरतं, पुढे फुप्फुसांतही. मापकांना तरीही ताण जाणवत नाही, म्हणून किडनी आणखी राखते. किडनी बिघडलेली नाही, ती मिळालेल्या निरोपाप्रमाणे इमानाने काम करतेय. निरोपच चुकीचा आहे. यकृत कडक झालेल्या माणसाच्या पोटात पाणी होतं, त्यातही असाच प्रकार असतो.

“डॉक्टरसाहेब, आई तर दिवसाला दोन पेलेसुद्धा पाणी पीत नाही, मग एवढी सूज कुठून आली?” हा प्रश्न घरचे लोक कळकळीने विचारतात, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर ताटात आहे. सूज पाण्याची दिसते, पण ती धरून ठेवलेली असते मिठाने. उन्हाळ्यात आपल्याकडे पापड, कुरडया, बिबड्या वाळत पडतात आणि वर्षभर ताटात येतात. त्यात मीठ असतंच, शिवाय पापडखार. पापडखार आणि खाण्याचा सोडा हेही सोडियमच आहे, चवीला खारट लागत नाहीत एवढंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभर, सगळ्या पदार्थांतलं मिळून. सुजलेल्या माणसाचं नुसतं पाणी तोडलं आणि ठेचा-पापड चालू ठेवला तर तहानेने जीव कासावीस होतो आणि सूज जागेवरच राहते. मीठ कमी केलं की तहानही आपोआप उतरते. आजार वाढलेला असेल तर डॉक्टर पाण्यालाही मर्यादा घालतात, कारण अशा माणसात एडीएच चढलेलं असतं आणि जास्तीचं पाणी रक्त फिकं करत जातं. भरण्याची बाजू घेतल्याची किंमत म्हटलं ती हीच.

लघवीची गोळी म्हणतात ती खरं तर मीठ घालवायची गोळी आहे. सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी त्या हेअरपिनसारख्या वळणावर मीठ परत घेणं अडवते, आणि मिठाबरोबर पाणी जातं. सूज असलेल्यांनी घरी एक वजनकाटा ठेवावा. सकाळी लघवी करून, न्याहारीआधी वजन घ्यावं आणि कॅलेंडरवर लिहावं. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. पाय सुजलेले दिसण्याआधीच ते कळतं. दिवसभर पायांत साचलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि किडनीकडे जातं, म्हणून अशा म्हाताऱ्या माणसांना रात्रीतून तीन-चारदा उठावं लागतं. त्याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

आणि कृपा करून अशक्तपणा वाटतो म्हणून सलाईनची बाटली मागू नका. अर्धा लिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. ज्याचा भरणा खरोखर घटलाय त्याला ती जीवदान देते. सुजलेल्या आजीला तीच बाटली रात्री धाप लावते.

केळीच्या बागेतल्या मजुराचं बरोबर उलट असतं. उन्हात कष्टाचं काम करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि लिटरभर घामात साधारण एक ते साडेतीन ग्रॅम मीठ असतं. शर्टावर पांढरे नकाशे उमटतात ते यातूनच. घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो, म्हणून आधी रक्त दाट होतं आणि तहान लागते. तो पाणी पितो, खारटपणा जागेवर येतो, तहान भागते. पण मीठ गेलेलंच आहे, त्यामुळे भरणा पुरा झालेला नसतो. प्यायलेलं पाणी टिकायला आधारच नाही, ते पेशींत शिरतं किंवा लघवीत जातं. म्हणून पाणी पिऊनही डोकं गरगरतं, पोटऱ्यांत गोळे येतात, उभं राहताना अंधारी येते. तहान भागली म्हणजे तूट भरून निघाली, असं नसतं. नुसतंच पाणी खूप पीत गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून गुंगी येऊ शकते.

याचा अर्थ मिठाच्या गोळ्या खायच्या असा नाही. जो माणूस दुपारी भाकरी, ठेचा, डाळ नीट खातो त्याचं मीठ बहुतेक भरून निघतं. धोका असतो तो उन्हाने जेवण सुटलेल्याला, आदल्या दिवशी जुलाब झालेल्याला, आणि उन्हाची सवय नसलेल्याला. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या काळात अल्डोस्टेरॉन घामाच्या ग्रंथींनाही मीठ वाचवायला शिकवतं. घाम लवकर येतो, जास्त येतो, पण कमी खारट होतो, आणि रक्तातला पातळ भागही वाढतो. दहा वर्षं शेतात राबणारा आणि कालच पुण्याहून आलेली लेक, दोघांचा घामसुद्धा सारखा नसतो. तिने पहिल्याच दिवशी भर दुपारी लग्नाच्या वरातीत नाचू नये, एवढंच सांगेन. मीठ घातलेलं पातळ ताक किंवा कैरीचं पन्हं या दिवसांत अगदी योग्य आहे.

जुलाब-उलट्यांत मात्र ओआरएसच हवं, आणि त्यातली साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या पेशींत एक वाहक असतो, तो साखरेच्या एका कणासोबत सोडियमचे दोन कण आत ओढतो, आणि पाणी त्यांच्या मागून येतं. जुलाबातही हा वाहक शाबूत असतो. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेचं हे पाणी पिंपांतून वाटलं आणि हजारो जीव वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. लिटरभराचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावं. अर्धं पाकीट पेल्यात घातलं तर ते फार खारट होतं आणि जुलाब वाढवतं.

रावेर-यावलकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. केळीत पोटॅशियम भरपूर असतं. एरवी ते फार चांगलं. अल्डोस्टेरॉन जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकत असतं. पण बीपीच्या आणि हृदयाच्या काही गोळ्या अँजिओटेन्सिन किंवा अल्डोस्टेरॉनला अडवूनच काम करतात. त्यातल्या एका जातीचा माग तर ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरून लागला; पहिली गोळी १९८१ मध्ये वापरात आली. या गोळ्या जीव वाचवतात, त्या मनाने बंद करू नका. मात्र किडनी मंदावलेली असेल आणि या गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम रक्तात साठून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. दारात केळीचे घड असले तरी अशा माणसाने रोज किती केळी खायची हे डॉक्टरांना विचारावं आणि रक्तातलं पोटॅशियम अधूनमधून तपासून घ्यावं.

शेवटची गोष्ट अंगदुखीच्या गोळीची. भरणा कमी झालेला असतो तेव्हा अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळत असतं, आणि त्यात किडनीचा रक्तपुरवठा तुटू नये म्हणून किडनी स्वतःपुरती प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवून आपली आत येणारी धमनी मोकळी ठेवते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या हीच द्रव्यं बंद करतात. दिवसभर घाम गाळून, धड न जेवता, संध्याकाळी दुकानातून अशी गोळी आणून घेतली तर किडनीवर दोन्हीकडून मार बसतो आणि लघवी बंद होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. सोबत बीपीची आणि लघवीची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. जुलाब, उलट्या, ऊन लागणं अशा दिवशी त्या गोळ्या त्या दिवसापुरत्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना फोन करून विचारावं, आणि दुखण्याला काही घ्यायचंच असेल तर ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावी. ती किडनीच्या रक्तपुरवठ्यात अशी आड येत नाही.